देवाने रद्द केलेली चाचणी

सांगते, सगळं सांगते, पण मध्येच कोणी फिदीफिदी हसलं तर मी तिथेच थांबणार, आधीच बजावते. तुम्हाला कोणीतरी सांगितलंय ना, की मी शाळेत मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीबाहेर, पोरांच्या बाकड्यावर, गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते? खरं आहे ते. आणि शेजारच्या पोराने मला विचारलं, "ताई, तुमचे पण आईबाबा येणार का?" तेही खरं आहे. पण बाकी जे पसरलंय ते निम्मं खोटं आहे. मी कोणाला शाळा बुडवायला शिकवलेलं नाही. मी मुलांना प्रार्थना करायला शिकवत होते. बस. बाकी सगळं आपोआप होत गेलं.

सुरुवात झाली माझ्या तोंडामुळे. रविवारची उपासना सुटली की पाळकसाहेब चर्चच्या दारात उभे राहतात आणि प्रत्येकाशी हात मिळवतात. आपण काय करायचं असतं? हात मिळवायचा, "छान झाला संदेश" म्हणायचं आणि चालू पडायचं. दूधपित्या बाळालाही जमेल असं काम. मला नाही जमलं. मी हात मिळवला आणि म्हटलं, "साहेब, आपली मुलं प्रार्थना म्हणतात का बसचे थांबे सांगतात, काही कळत नाही हो. कधी एकदा शेवटचा स्टॉप येतोय असं वाटतं त्यांना."

पाळकसाहेबांनी माझा हात सोडलाच नाही. मागे रांग थांबली. त्यांचा आवाज इतका मऊ आहे ना, की ते काम सांगतायत हे आपल्याला काम करायला लागल्यावर कळतं. म्हणाले, "बरोबर बोललीस. पाठांतर झालंय, बोलणं राहिलंय. मग असं कर ना, तूच शिकव. साधं, सोपं. देवाशी आपल्या शब्दांत कसं बोलायचं ते."

"मी? अहो साहेब, मी चष्म्याच्या दुकानात काम करते."

"उत्तम. स्पष्ट दाखवायची सवय आहे तुला."

मागून कोणीतरी "आवरा हो" म्हणालं, आणि मी "हो" म्हणून मोकळी झाले. 

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "तू? अगं, तुला जेवणाआधी प्रार्थना करायला सांगितली की तू म्हणतेस, आई तू कर, माझा घास गार होतोय." मग लगेच, "आधी त्यांना हात धुवायला शिकव. देवासमोर काय ती शाईने बरबटलेली बोटं जोडायची?" वरच्या मजल्यावर एक पीटीचे सर राहतात, निवृत्त होऊन जमाना झाला पण अजून जिना चढतानाही एक-दोन, एक-दोन म्हणतात. ते जिन्यातच म्हणाले, "मुलं म्हणजे शिट्टी. शिट्टीशिवाय मुलं म्हणजे नुसता बाजार." आणि गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली, जणू मला पदक मिळालं. आमच्या दुकानाच्या मालकांचं तर तत्त्वच वेगळं. "डोळे मिटायला शिकवणार? बाई गं, लोकांनी डोळे उघडे ठेवावेत म्हणून मी इथे भाडं भरतोय."

म्हणजे बघा, अजून एकही पोर समोर आलं नव्हतं आणि माझ्याकडे साबण, शिट्टी आणि एक विरोधक जमा झाला होता.

मग खोली. चर्चच्या मागच्या बाजूला एक खोली आहे, तिच्यात जादा खुर्च्या ठेवतात. एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचे मनोरे, थेट छताला टेकलेले. किल्ली सेक्रेटरीकाकांकडे. काका पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेत, आणि त्यांनी आयुष्यभर जसं पाणी सोडलं तसंच ते उत्तर सोडतात. ठरलेल्या वेळी आणि बारीक धारेने.

मी म्हटलं, "काका, मुलांच्या वर्गाला खोली हवी होती."

"कल्पना चांगली आहे. म्हणूनच घाई नको. अर्ज दे."

"कोणाकडे?"

"माझ्याकडे."

"मग तोंडीच सांगते ना काका, तुम्ही समोरच आहात."

"तोंडी मी ऐकलं," काका म्हणाले, "सेक्रेटरीने अजून ऐकलेलं नाही."

दिला अर्ज. कमिटीची बैठक झाली, विषय पुढच्या बैठकीत गेला, पुढची बैठक कोणाच्या तरी दाढदुखीमुळे राहिली, आणि शेवटी पाळकसाहेबांनी आपल्या मऊ आवाजात काकांना काहीतरी सांगितलं. किल्ली आली. पण अट अशी की खुर्च्या हलवायच्या नाहीत. आम्ही वर्ग घ्यायचा तो मनोऱ्यांच्या मधल्या गल्लीत. चटई अंथरली की दोन्ही बाजूंनी खुर्च्या, मध्ये आम्ही, आणि कोणी शिंकलं की सगळ्यांनी वर बघायचं.

मुलं तशी गुणी. तिघांची ओळख करून देते, बाकीच्यांची नको. एक वकील. आठ वर्षांची मुलगी, पण प्रश्न असे विचारते की आपल्याला घाम फुटावा. दुसरा भोंगा. त्याला हळू बोलता येत नाही. कुजबुजला तरी रस्त्यावरचे लोक वळून बघतात. बाकड्यावर मला आईबाबांबद्दल विचारणारा तोच. आणि तिसरी छोटी, सेक्रेटरीकाकांची नात. दिसायला मऊ कापूस, पण घरातलं काहीही तिच्यापासून लपत नाही.

पहिल्या रविवारी मी बोटांची प्रार्थना शिकवली. सोपी असते. हात जोडले की अंगठा आपल्या सगळ्यात जवळ, म्हणून आधी घरच्यांसाठी मागायचं. मग दाखवायचं बोट, ते शिकवणाऱ्यांसाठी. मधलं उंच बोट मोठ्या पदावरच्या लोकांसाठी, त्याच्या बाजूचं दुबळं बोट आजारी आणि दमलेल्यांसाठी, आणि करंगळी, सगळ्यात शेवटी, स्वतःसाठी. मी अगदी रंगात येऊन सांगितलं. सगळ्यांनी हात वर धरले. भोंग्याच्या दाखवायच्या बोटाला पट्टी होती.

"ताई, माझं हे बोट दारात सापडलंय."

"असू दे रे."

"म्हणजे आज टीचरसाठी मागायचं नाही?"

"माग ना, पट्टी असली म्हणून काय झालं?"

"पण दुखतंय. टीचरचा विचार केला की जास्त दुखतंय."

तेवढ्यात वकील उभी राहिली. "ताई, करंगळी शेवटी का? मला सगळ्यात जास्त गरज असली तर? आणि बाबांचे पाय दुखतात, मग ते अंगठ्यात बसतात का दुबळ्या बोटात? दोन्हीकडे मागितलं तर देव म्हणेल का, हे आधी होऊन गेलंय?"

मी शिट्टी वाजवली. मला दुसरं काही सुचेना. वर एक मनोरा हलला आणि आम्ही सगळे बाहेर पळालो. 

दुसऱ्या रविवारी मी आणखी सोपं केलं. म्हटलं, तीन शब्द. थँक्यू, सॉरी, प्लीज. यात काय चुकणार? 

सगळं चुकलं. थँक्यूपर्यंत ठीक होतं, आईसाठी थँक्यू, कुत्र्यासाठी थँक्यू, पट्टी सुटली त्याबद्दल थँक्यू. पण सॉरीला आल्यावर कोणालाच स्वतःचं काही सापडेना. सगळ्यांना दुसऱ्याचं सापडलं. "देवा, माझ्या ताईने बाबांच्या फोनवरून कोणाला तरी फोन केला, त्याबद्दल सॉरी." "देवा, मम्मी काकूला म्हणाली साडी छान आहे आणि घरी येऊन म्हणाली पडद्याचं कापड आहे, त्याबद्दल सॉरी." छोटीने तर डोळे गच्च मिटून सांगितलं, "देवा, आजोबा उपासनेत डोळे मिटतात तेव्हा ते प्रार्थना करत नसतात, ते घोरतात, आजी चिमटा काढते, त्याबद्दल दोघांकडून सॉरी." आणि हे सगळं शेवटी भोंगा सगळ्यांच्या वतीने पुन्हा म्हणाला. म्हणजे ते देवाने ऐकलं, आणि अंगणात मुलांना न्यायला आलेल्या समस्त आईबाबांनीही ऐकलं.

त्या आठवड्यात माझ्याशी कोण कोण अबोला धरून होतं ते सांगत नाही. एक काकू दुकानात चष्मा दुरुस्तीला आल्या, तर काडी बसवेपर्यंत एक शब्द नाही, आणि जाताना म्हणाल्या, "प्रार्थना शिकवतेस का चौकशी करतेस?" तीच पडद्याच्या कापडाची साडी होती अंगावर. मी मान खाली घातली. चांगली होती हो साडी, पण आता कौतुक करायचीही सोय राहिली नव्हती.

म्हणून तिसऱ्या रविवारी मी ठरवलं, प्रयोग बंद. प्रभूची प्रार्थना घ्यायची, जी त्यांना पाठ आहे तीच, आणि ओळीओळीचा अर्थ सांगायचा. घरातली भांडणं त्यात कुठून येणार? आणि खरंच छान चाललं होतं हो. भाकर म्हणजे काय, क्षमा म्हणजे काय, मुलं अगदी तल्लीन. मग ती ओळ आली. आम्हाला परीक्षेत आणू नकोस, अशी विनंती आहे ना, ती. आणि नेमकं त्याच क्षणी दार उघडून सेक्रेटरीकाका आत. हॉलमध्ये कुणाचा तरी साखरपुडा होता, खुर्च्या हव्या होत्या, आत्ता, ताबडतोब. चार माणसं आत घुसली आणि आमच्या डोक्यांवरून मनोरे जायला लागले.

वकील त्या गदारोळात माझी ओढणी ओढत होती. "ताई, परीक्षा म्हणजे परीक्षाच ना?"

मी एका हाताने छोटीला मागे ओढत होते, दुसऱ्या हाताने खुर्ची अडवत होते. म्हटलं, "हो गं, परीक्षाच."

"मग आपण म्हटलं की देव आणत नाही?"

"नाही आणत. डोकं सांभाळ!"

झालं. एवढंच बोलले मी. 

सोमवारी शाळेत गणिताची चाचणी होती. आपल्या चर्चची सगळी मुलं त्याच शाळेत जातात. पेपर वाटले, आणि माझ्या वर्गातल्या पोरांनी ते नीट उलटे ठेवले आणि हात जोडून बसली. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "काय झालं? लिहा." तर वकील उभी राहून म्हणाली, "बाई, आज परीक्षा होणार नाहीये. वर सांगून झालंय."

आता ऐका, खरी गंमत इथे आहे. वर्गाच्या बाई नवीन होत्या. त्यांना वाटलं, वर म्हणजे ऑफिसात. त्या मुख्याध्यापिकाबाईंकडे गेल्या, "चाचणीबद्दल वरून काही आलंय का?" मुख्याध्यापिकाबाईंना वाटलं, वर म्हणजे शिक्षण खात्यात. त्यांनी खात्यात फोन लावला, "चाचणी रद्द झाल्याचं ऐकतोय, खरं का?" खात्यातल्या माणसाला काहीच माहीत नव्हतं, पण मला काही माहीत नाही असं खात्यातला माणूस कधी म्हणतो का? तो म्हणाला, "वरूनच आलं असेल तर थांबा, लेखी पाठवतो." आणि बाईंनी सगळ्या शाळेची चाचणी थांबवली.

सगळ्या शाळेची! घंटा वाजली, पेपर परत गेले, आणि भोंगा मैदानाच्या मधोमध उभा राहून ओरडला, "देवाने रद्द केली!"

मला दुकानात फोन आला. मी एका आजोबांचे डोळे तपासत होते, त्यांना वरची ओळ वाचायला सांगितलेली, ते बिचारे तशीच वाचत बसले आणि मी पळाले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, बाकडं, गुडघे, सगळं.

मुख्याध्यापिकाबाई कडक. टेबलावर पट्टी, पट्टीला समांतर पेन, पेनाला समांतर बाईंचा ओठ. म्हणाल्या, "माझ्या नोकरीत पूर आला तरी मी चाचणी थांबवली नव्हती. आज थांबवली. तुमच्यामुळे."

"बाई, अहो, त्या शब्दाचा अर्थ मोह असा आहे. म्हणजे कसोटीचा प्रसंग. मी सांगणार होते, पण खुर्च्या..."

"कसल्या खुर्च्या?"

काय सांगणार? तेवढ्यात दाराशी उभी असलेली वकील पुढे आली. तिचा नेहमीचा तोरा नव्हता. म्हणाली, "बाई, ताईला रागावू नका. मला गणिताची भीती वाटते. पेपर बघितला की पोटात गोळा येतो. म्हणून मी मागितलं." मग माझ्याकडे वळून, "भीती वाटली तर मागायचं नसतं का?"

मला एकदम कळलं की एवढ्या दिवसांत या पोरांपैकी कोणीतरी पहिल्यांदा खरोखर प्रार्थना केली होती, आणि माझ्या अर्धवट उत्तरामुळे तिला त्यासाठी इथे यावं लागलं होतं. मी खाली वाकले आणि म्हटलं, "मागायचं असतं. भीती वाटली तर सगळ्यात आधी मागायचं. फक्त पेपर जाऊ दे असं नको म्हणूस. पेपर येऊ दे, पण तूही ये, असं म्हण."

तिने जरा विचार केला. "तो शेजारी बसेल?"

"बसेल."

"उत्तर सांगेल?"

"नाही."

"मग बसून काय करेल?"

"तुझ्या पोटातला गोळा धरून ठेवेल," हे मी नाही म्हटलं. हे मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. पट्टी सरळ करत, आमच्याकडे न बघता. आणि मग लगेच, "चाचणी गुरुवारी. कोणी उलटा पेपर ठेवला तर मी आहे."

गुरुवारी सगळ्यांनी पेपर लिहिला. संध्याकाळी वकील दुकानात आली आणि काउंटरवर हनुवटी टेकवून म्हणाली, "पहिलं गणित सुटलं. दुसरं नाही सुटलं. दुसऱ्याच्या वेळी तो कुठे होता?" मी म्हटलं, "तू रडलीस का?" "नाही." "पळालीस?" "नाही." "मग तिथेच असेल." ती "हं" म्हणाली. पटलेलं नव्हतं, पण टिपून घेतलं असावं.

पण तोपर्यंत गाडी हाताबाहेर गेली होती. चाचणी रद्द झाली ही बातमी गल्लीगल्लीत गेली, आणि चाचणी गुरुवारी झाली ही बातमी कोणीच ऐकली नाही. पुढच्या रविवारी माझ्या वर्गाबाहेर ही गर्दी! अनोळखी पोरं, त्यांचे चुलतभाऊ, एक दाढी फुटलेला कॉलेजचा मुलगा, तो म्हणे, "ताई, माझे दोन पेपर राहिलेत, एकत्र काही होईल का?" एका बाईंनी तर विचारलं की ड्रायव्हिंगची टेस्ट यात बसते का. मी घसा बसेपर्यंत समजावलं की अहो असं नसतं. लोक मान डोलवत होते आणि रांग सोडत नव्हते.

आणि हे सगळं सेक्रेटरीकाका हात मागे बांधून बघत होते. त्यात छोटीच्या सॉरीचं त्यांच्या घरी काय झालं असेल ते आलंच. उपासना संपता संपता ते माइकपाशी गेले आणि म्हणाले, "मुलांच्या वर्गाविषयी तक्रारी आहेत. खोली पुन्हा खुर्च्यांसाठी घ्यावी असा कमिटीचा विचार आहे. तत्पूर्वी, न्याय म्हणून, पुढच्या रविवारी मंडळीसमोर दाखवून द्यावं की हा वर्ग नेमकं काय शिकवतो. नीट झालं तर बघू. नाही झालं तर वर्ग बंद."

वर्ग बंद! मला सांगा, आधी मला तो वर्ग नकोच होता ना? पण ते दोन शब्द ऐकले आणि मला एकेक पोर आठवायला लागलं. भोंगा रोज झोपताना हळू बोलून बघतो, देवाला तरी कानठळ्या बसू नयेत म्हणून. त्याच्या आईने सांगितलं मला. वकील पोटातल्या गोळ्याशी भांडतेय. आणि यांना खुर्च्या ठेवायच्या आहेत.

आठवडाभर मी मुलांची तयारी केली. कोणी काय म्हणायचं, कोणानंतर कोण. आईने सगळ्यांसाठी साबण दिला. पीटीच्या सरांनी रांग बसवून दिली.

रविवार आला. हॉल गच्च. मुलं पुढच्या बाकावर, हात इतके धुतलेले की सुरकुत्या पडलेल्या. काका माइकपाशी आले, चष्मा वर केला, आणि म्हणाले, "मुलांचं नंतर बघू. पढवलेलं कोणीही म्हणेल. आधी शिक्षिकेने करावी प्रार्थना. ती शिकवते तशी. स्वतःच्या शब्दांत."

मी.

अरे, मी तयारीच केली नव्हती! मुलांचीच केली होती! मी उठले, माइक धरला, डोळे मिटले. आत अंधार. एकही शब्द नाही. पाठ असलेलंसुद्धा पळालं. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. मी तोंड उघडलं, आणि दिवसभर दुकानात जे म्हणते तेच आलं. माइकवर. स्पष्ट.

"देवा... वरची ओळ दिसतेय का?"

हसा. हसा आता. सगळा हॉल हसला, तुम्ही का मागे राहताय? पहिल्या बाकावरच्या पडद्यावाल्या काकू तर पदर तोंडात कोंबून हसत होत्या. माझे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, वाटलं इथेच फरशी उचलून आत जावं.

तेवढ्यात कोणीतरी माझा हात धरला. वकील. रांग मोडून आलेली. तिने वर बघून विचारलं, "ताई, भीती वाटतेय?"

"हो," मी म्हटलं. तेही माइकवर गेलं.

"मग थांबा. आम्ही येतो."

आणि आली सगळी. बसवलेली रांग नाही, काही नाही, माझ्याभोवती नुसता घोळका. भोंग्याला माइक लागतच नाही. तो म्हणाला, "देवा, ताईला काही सुचत नाहीये. तिला वाटतंय आपली खोली जाणार. आम्हाला पण वाटतंय. तू पण इथे ये." आणि मग छोटी, डोळे गच्च मिटून, "देवा, आजोबांवर रागावू नको. ते वाईट नाहीत. त्यांना फक्त खुर्च्या खूप आवडतात."

यावेळी हशा झाला पण वेगळा झाला. मग तो विरला, आणि मी माइकवरच नाक ओढलं. मी डोळे किलकिले करून बघितलं. सेक्रेटरीकाका छताकडे बघत होते आणि चष्मा पुसत होते. छताला चष्मा लागत नाही, हे मी धंद्यातली माणूस म्हणून सांगते.

पाळकसाहेब म्हणाले, "आमेन." मऊ आवाजात. 

कमिटीची बैठक झाली. निर्णय असा, की वर्ग तात्पुरत्या स्वरूपात चालू राहावा, मात्र दर रविवारी कमिटीच्या एका सदस्याने जातीने बसून देखरेख करावी, आणि त्या देखरेखीत काही आक्षेपार्ह आढळल्यास खोली तत्काळ रिकामी करावी. सदस्य कोण? दुसरं कोण असणार!

तर परवाचा रविवार. खोली निम्मी रिकामी झालेली. शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंनी बालवाडीच्या जुन्या खुर्च्या पाठवल्या होत्या, लाल-पिवळ्या, हातांच्या, गुडघ्याएवढ्या. सोबत निरोप, "बाकड्यापेक्षा बऱ्या." काका आले. मी म्हटलं, "काका, चटईवर बसता का?" ते म्हणाले, "देखरेख जमिनीवर बसून होत नसते." मोठ्या खुर्च्या वर, एकात एक अडकलेल्या. काकांनी इकडेतिकडे बघितलं, एक पिवळी खुर्ची ओढली, आणि बसले.

बसले ते बसले.

प्रार्थनेला उभं राहायचं झालं तेव्हा काका उठले, आणि खुर्चीही उठली. ते पुन्हा बसले. पुन्हा उठले. खुर्ची कमरेला घट्ट. त्यांचा चेहरा लाल, मग जांभळा. मी धावले, एक हात ओढला. भोंगा दुसरा. पोरांनी मागून खुर्ची धरली. जोर लावा, हैशा, काही नाही.

"काका, करवत आणू का?"

"आता चर्चची मालमत्ता आहे!" काका ओरडले. काय माणूस आहे बघा.

छोटी त्यांच्या समोर जाऊन बसली. "आजोबा, देवाला सांगून बघा."

आता काका मोठी प्रार्थना करणारे गृहस्थ. उपासनेत त्यांची पाळी आली की बायका निवांत पर्स आवरून घेतात, इतकी ती लांब आणि दर वेळी तीच. त्यांनी तशाच अवस्थेत, कमरेत वाकून, डोळे मिटले आणि सुरू केलं, "हे सर्वसमर्थ, परमदयाळू, चराचराच्या निर्माणकर्त्या पित्या, आम्ही तुझी अयोग्य लेकरं या प्रसंगी..."

"आजोबा," वकील हळूच म्हणाली, "पाय सुन्न होतील तुमचे. नुसतं काय हवंय ते सांगा."

काका थांबले. त्यांच्या ओठांवर पुढची वाक्यं आलेली दिसत होती आणि ती परत जातानाही दिसली. मग इतक्या बारीक आवाजात म्हणाले, की मी आधी ओळखलाच नाही तो आवाज.

"देवा, काढ रे मला."

आणि फट्कन आवाज झाला! देवाशपथ. खुर्ची एकीकडे, पोरं चटईवर एकावर एक, आणि काका मधोमध जमिनीवर. भोंग्याचं "आमेन" बसस्टॉपवर ऐकू गेलं असणार.

काकांनी कंबर चोळली. उठतील, झटकतील, आक्षेप नोंदवतील म्हणून मी श्वास रोखून बघत होते. ते उठले नाहीत. मांडी घातली, छोटीला जवळ ओढलं आणि जरा घसा साफ करून म्हणाले, "हं. ही पद्धत लवकर चालते."

"रोज नाही चालत, आजोबा," वकील म्हणाली. "पण सांगितलेलं बरं असतं."

"असं?" काका म्हणाले, आणि चटईवर तिच्यासाठी जागा करत सरकले. "मग पुढचं शिकवा."